कोहऱ्याला ठोकळा नाही

शनिवारी अकरा ते एक.
लष्करातल्या शाळेत, जिन्याखालच्या खोलीत
नऊ कॉम्प्युटर, त्यांतल्या दोनांना माउस नाही.
बाहेर जानेवारी.
किल्ला गेले चार दिवस कुणाला दिसलेला नाही.

मी म्हटलं, आज हवामान करू या.
ज्याला जे हवं ते.
निळे ठोकळे हालचालीचे, जांभळे दिसण्याचे,
एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसली
की टक् होतं, तेवढ्यावर पोरं खूश.

तन्मयने सूर्य केला.
पंधरा अंश वळ, सतत करत राहा.
सूर्य बिचारा छताच्या पंख्यासारखा गरगरत बसला.
झीनतचा ढग काठाला लागला की उसळायचा,
एक वाजेपर्यंत भिंतींना धडका देत होता.
मागच्या बाकावर कुणीतरी लू आणली,
पिवळा पडदा, आणि त्यात ते मांजर,
जे पहिल्यापासून असतंच
आणि काढायचं कुणाच्याच लक्षात येत नाही.

वैजू मोहिते म्हणाली,
"ताई, कोहऱ्याचा ठोकळा कुठाय?"

(धुकं आम्ही धड्यात वाचतो.
ग्वाल्हेरात दार उघडलं की कोहरा.)

सगळ्या रंगांच्या पेट्या उपसल्या.
बर्फाचा कण सापडला, वीज सापडली, छत्रीसुद्धा.
शेवटी पडद्याएवढा पांढरा चौकोन काढला
आणि त्याला एक परिणाम लावला.
यादीत त्याचं नाव भूत.
भूत शून्य, म्हणजे सगळं पांढरं.
भूत शंभर, म्हणजे चौकोन आहे आणि नाही.
"म्हणजे भूत वाढलं की दिसायला लागतं?"
"हो. मागचं."
तिने वहीत लिहून घेतलं. मला मात्र ते उलटंच वाटत राहिलं.

पुढच्या शनिवारी ती वडिलांना घेऊन आली.
सिथौलीकडच्या रुळांवरून, रात्रपाळीतून परस्पर,
कानटोपी, बुटांना खडीची पूड,
अंगाला शेकोटीचा वास.
कोहऱ्यात सिग्नलच्या अलीकडे
रुळावर फटाके बांधायचं त्यांचं काम.
इंजिन वरून गेलं की ठाप् ठाप्,
ड्रायव्हरला कळतं, पुढे सिग्नल आहे, डोळे ताण.

"बाबा, हिरवा झेंडा दाबा."
ते थबकले.
"झेंडा गार्डाचा असतो. माझा नाही."
मग तिनेच दाबला.

डावीकडून इंजिन आलं.
भूत उतरत गेलं, दोन दोनने,
रूळ गेले, खांब गेले, इंजिनही गेलं,
आणि त्या कोऱ्या पांढऱ्यात
ठाप्. ठाप्.
(डब्याच्या झाकणावर चमचा आपटून
घरीच भरलेला आवाज.)
मग एक लाल ठिपका.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
"दोन फटाक्यांत अंतर किती ठेवलंस?"
"दहा पावलं."
"बरोबर. दहा मीटर."
त्या ठोकळ्यात दहा हा आकडा आधीपासूनच असतो,
कुणी बदलला नाही तर दहाच राहतो.
मी काही बोलले नाही.

फक्त शेवट त्यांना पटला नाही.
"एवढ्या लवकर उठत नाही कोहरा."
थांब, एक सेकंद, असं होतं तिथे.
एका बोटाने एक खोडून
त्यांनी नव्वद लिहिलं, एंटर शोधायला वेळ लागला.
आता पांढरं जागचं हलेना.
गाडी मात्र येत राहिली, तिचे ठोकळे वेगळे.

तेवढ्यात खुर्चीतच त्यांची मान कलली.
झीनत हसली, तन्मयने तिला कोपर मारलं.

वैजूने माउस ओढून घेतला,
रांगेतून दोन गुलाबी ठोकळे,
आवाजाचे, अलगद सोडवले
आणि बाजूला ठेवले, मोकळ्या जागेत, पुसले नाहीत.

पुढची गाडी आली ती न वाजता.
तिने बोट ठेवलं पडद्यावर,
सिग्नल असतो तिथे,
आणि गाडी जाईपर्यंत उचललं नाही.